सही खरी, शिक्का खरा, तरी भांडण मिटत नाही

काल कट्ट्यावर सुरू झालं ते एका फॉरवर्डवरून. कुठल्यातरी जुन्या पत्राचा पिवळट फोटो, खाली तीन ओळींत अर्थ आणि शेवटी "घ्या पुरावा". वकील लगेच म्हणाला, अरे कागद आहे, शिक्का आहे, सही आहे, अजून काय पाहिजे तुम्हाला?

मास्तर म्हणाला, मग कॉन्स्टंटाइनच्या दानपत्राचं काय करतोस? चौथ्या शतकातल्या रोमन सम्राटाने पोपला रोम आणि पश्चिमेकडचं सगळं राज्य देऊन टाकलं असं त्यात लिहिलंय आणि राजा मोठा की पोप मोठा हे भांडण निघालं की पोपच्या बाजूचे लोक ते पुढे करायचे. लिहिलं गेलं मात्र आठव्या शतकात. १४४० मध्ये लोरेंझो वाल्ला या इटालियन विद्वानाने त्याची भाषा तपासली, त्यात रोमच्या बड्या अधिकाऱ्यांसोबत 'सत्रप' येतात. आता सत्रप म्हणजे इराणी सुभेदार, ते रोमच्या दरबारात कुठून आले? नुसत्या शब्दांवरून पकडलं राव त्याने!

वकील म्हणाला, ते बनावट होतं, मी खऱ्या कागदाबद्दल बोलतोय.

मग मला राहवेना. म्हटलं, वुचालेचा तह घे. २ मे १८८९, इथिओपियाचा सम्राट मेनेलिक दुसरा आणि इटली, दोन्ही प्रती अस्सल, एक अम्हारिकमध्ये, म्हणजे इथिओपियाच्या भाषेत, एक इटालियनमध्ये. कलम १७ बघ फक्त. अम्हारिकमध्ये आहे की परदेशांशी बोलताना सम्राटाला इटलीची मदत घेता येईल, म्हणजे वाटलं तर घ्या. इटालियनमध्ये तेच वाक्य असं की सम्राटाने इटलीमार्फत बोलायचं कबूल केलंय. एका क्रियापदाचा फरक, पण तेवढ्यावर इटलीने युरोपभर सांगून टाकलं की इथिओपिया आमच्या संरक्षणाखाली आला. मेनेलिकला हे समजलं कशावरून, तर पत्रांवरून! त्याने आपल्या राज्याभिषेकाचं युरोपातल्या राजेराण्यांना कळवलं आणि व्हिक्टोरिया राणीकडून उत्तर आलं की यापुढे इटलीमार्फत कळवा. विचार करा, स्वतंत्र राजाला परक्याच्या पत्रातून कळतंय की आपण काय लिहून दिलंय.

वकील म्हणाला, म्हणून तर कुठली प्रत अंतिम हे करारातच लिहितात, ड्राफ्टिंगची चूक आहे ही. मी म्हटलं, लिहिलं होतं की बाबा! कलम १९ मध्ये आहे, दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात आणि दोन्ही सारख्याच अधिकृत. यावर तो जरा थांबला. १८९३ मध्ये मेनेलिकने तह झुगारला, मार्च १८९६ मध्ये इथिओपियातल्या अडवाला लढाईत इटलीचा पराभव झाला आणि त्याच वर्षी अदिस अबाबाच्या तहाने वुचाले रद्द झाला, म्हणजे त्या क्रियापदाचा निकाल शेवटी रणांगणावर लागला आणि हजारो माणसं त्यात गेली.

माझं म्हणणं एवढंच आहे की तहाचा एकटा कागद वाचून काही हाती लागत नाही, त्याच्या आगेमागची पत्रं काढा, दोन्ही भाषांत वाचा, कोणाला काय वाटत होतं ते तिथे सापडतं. फॉरवर्डमधल्या तीन ओळी कोणी लावल्या, कुठल्या प्रतीवरून लावल्या हे कोणी विचारतच नाही, मला याचा खरंच त्रास होतो.

मास्तरने मग वायतांगीचा तह काढला. न्यूझीलंड, ६ फेब्रुवारी १८४०, एका बाजूला ब्रिटिश, दुसऱ्या बाजूला तिथले मूळचे माओरी सरदार. इंग्रजी मसुद्यात माओरींनी सार्वभौमत्व दिलं, माओरीत शब्द 'कावनातांगा', म्हणजे कारभार बघणं, आणि हे भाषांतर एका मिशनऱ्याने मुलाला हाताशी घेऊन एका रात्रीत केलेलं. पाचशेहून जास्त सह्या आणि खुणा आहेत त्यावर. वकिलाने विचारलं, यातल्या इंग्रजी प्रतीवर किती?

एकोणचाळीस.

वकील काही बोलला नाही, मोबाईल काढून त्या तहाचे फोटो शोधायला लागला. एका पानाच्या कडा कुरतडलेल्या, मधेच मोठं भोक. मास्तर म्हणाला, उंदरांनी खाल्लंय आणि पाणीही लागलंय, १९०८ मध्ये सरकारी इमारतीच्या तळघरात या अवस्थेत सापडले ते कागद. वकील झूम करून त्या भोकाजवळच्या खुणा बघत होता, म्हणाला, इथे पण कोणीतरी सही केली असेल ना रे.