मांडवी किती लेट?

अभिनंदन. तुम्हाला कुणीतरी गावच्या ग्रुपवर घेतलंय. कुणी घेतलं, का घेतलं, हे विचारू नका. मलाही ठाऊक नाही, आणि मी त्या ग्रुपच्या चार अ‍ॅडमिनांपैकी एक आहे. ग्रुपला नाव ग्रामदेवतेचं आहे, फोटो देवळाचा आहे (कौलं काढून पत्रा घालायच्या आधीचा), आणि आत काय चालतं ते देवीला कळलं तर ती कौल द्यायचं बंद करील.

आमच्या मालवण तालुक्यात गप्पांना गजाली म्हणतात. गजाल म्हणजे बातमी नव्हे. बातमी सांगणाऱ्याला पोचायची घाई असते, गजाल सांगणाऱ्याला नसते. हापूसच्या पेटीचा भाव सांगायला बसलेला माणूस पेटीपर्यंत यायच्या आधी ते कलम कुणी लावलं, लावणाऱ्याची सोयरीक कशी मोडली, मोडणाऱ्याचा पुढे गिरणीत हात कसा गेला, एवढं सांगून चहाला उठतो. भाव राहतो. कुणी विचारतही नाही. हे पूर्वी देवळाच्या पायरीवर चालायचं, तिठ्यावरच्या हॉटेलात चालायचं. आता फोनवर चालतं. जागा बदलली तरी शास्त्र तेच आहे, पण नवे मेंबर ते शिकून न घेता आत शिरतात आणि नासधूस करतात. म्हणून हे चार शब्द.

सगळ्यात आधी: विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका.

आमच्या खालच्या वाडीतले आबा रोज दुपारी ग्रुपवर विचारतात, ‘मांडवी किती लेट?’ मांडवी म्हणजे मुंबईहून मडगावला जाणारी एक्सप्रेस. आबांना कुठे जायचं नसतं. त्यांच्याकडे कुणी यायचंही नसतं. कुडाळ स्टेशन ते वर्षातून एकदा बघतात. पण प्रश्न पडला की पाच मिनिटांत ग्रुप जागा होतो. एक जण लिहितो, ‘ती कधी वेळेत होती?’ दुसरा लिहितो, मांडवीतलं कटलेट आता पहिल्यासारखं राहिलं नाही. तिसरा १९९८ च्या २६ जानेवारीला जातो, ज्या दिवशी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. चौथा त्याच्याही मागे, भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची त्या काळात, आणि कोण किती ओकला याचा हिशेब घराण्यांच्या नावांसकट मांडतो. दोन तास सुखात जातात. एव्हाना गाडी मडगावला पोचलेली असते.

गेल्या वर्षी पुण्याचा एक भाचा ग्रुपवर आला. इंजिनीअर. त्यानं आबांच्या प्रश्नाखाली अ‍ॅपचा स्क्रीनशॉट टाकला: ३७ मिनिटं लेट, कणकवली सोडली. वर समजावूनही सांगितलं की रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा तुकडाच तेवढा दुपदरी झालाय, पुढे एकेरी मार्ग आहे, म्हणून क्रॉसिंगला गाड्या थांबतात. एक अक्षर चूक नव्हतं. ग्रुप त्या दिवशी तिथेच मेला. आबांनी दोन दिवस काही विचारलं नाही. मी खासगीत भाच्याला सांगितलं, बाळा, हुशारी पुण्यात दाखव.

आता चालू घडामोडी. इथे फारसं कष्टाचं काही नाही, महामार्ग आहे. आपल्या मुंबई–गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. त्या वर्षी पहिलीत बसलेलं पोर एव्हाना डिग्री घेऊन त्याच रस्त्यावर सुपरवायझर लागायच्या वयाचं झालंय. तेव्हा महामार्गाबद्दलचा एक सणसणीत मेसेज लिहून फोनमध्ये जपून ठेवा आणि दर ऑगस्टात गणपतीच्या आधी त्यातलं साल तेवढं बदला. शुद्धलेखन तपासू नका, चुका असल्या की संताप खरा वाटतो. रस्त्याचा जुना नंबर १७, नवा ६६. यावर ‘नंबर वाढला तसे खड्डेही वाढले’ हा विनोद ठाण्याच्या काकांच्या मालकीचा आहे, तो वापरू नये. काका गेली तीन वर्षं गावाला आलेले नाहीत, त्यामुळे रस्त्याबद्दल त्यांच्याइतकं बारकाईनं कुणी बोलू शकत नाही. आमच्या सिंधुदुर्गातला बराचसा रस्ता झालाय, झाराप ते कणकवली गाडी बरी पळते. पण हे ग्रुपवर लिहायचं नसतं. लिहिलंत तर तुम्ही कुठल्या पक्षाचे ते लगेच ठरतं, आणि दोन्ही बाजू वेगवेगळा ठरवतात.

मोठी घटना घडली की मात्र जपून. म्हणजे घाईनं. २६ ऑगस्ट २०२४ ला मालवणच्या राजकोटावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला. आमच्या तालुक्यातली गोष्ट, गावात खरंच कुणाला सुचेना. पण ग्रुपवर दिवेलागणीपर्यंत धातुशास्त्राचे अकरा जाणकार तयार झाले होते. त्यातल्या एकाचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, त्याला मी मानतो. बाकीच्या दहांनी आयुष्यात एक ग्रिल बसवून घेतली असेल. वारा किती होता यावर मध्यरात्रीपर्यंत झुंजले. ग्रुपवर एक रापणकारही आहेत, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे, साठीचे. अंगाला लागलेल्या वाऱ्यावरून उद्याचं मासळीचं सांगतात. ते अवाक्षर बोलले नाहीत. दोन दिवसांनी बाजारात भेटले तेव्हा मी विचारलं, तर म्हणाले, ‘माका खंय कोणी इचारल्यानी?’ बघा. माहीत असलेला माणूस हा असा असतो. त्याच्यामुळे चर्चा पुढे जात नाही.

करमणुकीचं थोडक्यात सांगतो. २०१६ मध्ये सावंतवाडीजवळच्या आकेरीत एका मालिकेचं शूटिंग झालं आणि तेव्हापासून आमच्यातला प्रत्येक जण मालवणी भाषेचा परीक्षक झाला. मालिका कुठलीही असो, पहिल्या भागाला लिहायचं, ‘ही आमची मालवणी नव्हेच.’ मग वेंगुर्ल्याकडचे आणि मालवणकडचे ‘खंय’वरच्या अनुस्वारावरून जुंपतात. त्या भांडणात मालिका बघायची राहून जाते, हा फायदाच. दशावताराचं जरा वेगळं. जत्रेत रात्रभर नाटक चालतं, संहिता हातात नसते, नट तोंडाला रंग स्वतः लावतो आणि संवाद उभ्या उभ्या रचतो. समोर बसून बघणाऱ्याला पहाटे दहीकाल्यापर्यंत हलावंसं वाटत नाही. तुम्ही तसं बघत बसू नका. पुढे जाऊन फोन उंच धरा, अर्ध्या मिनिटाचं शूटिंग करा ज्यात पुढच्या माणसाचं डोकं आणि पेटीचा सूर तेवढा येईल, आणि ‘लाइव्ह आमच्या जत्रेतून’ असं लिहून टाका. तसलेच आणखी सदतीस व्हिडिओ येतील. सगळ्यांना अंगठा द्या.

गेमिंगकडे वळण्याआधी रेंजविषयी सांगायला हवं. आता बऱ्याच घरांत वायफाय आलंय, आणि लाइट असेपर्यंत ते चालतं. लाइट गेली की सगळा गाव सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर. सड्यावर, काजूच्या एका झाडाखाली, चार-पाच हातांच्या जागेत रेंज मिळते. पावसाळ्याची एखादी संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा: सात-आठ माणसं, डोक्यावर छत्र्या, तोंडं टॉवरच्या दिशेला, कुणी कुणाशी बोलत नाही. परवा मी तिथून ग्रुपवर टाकलं, ‘काय मंडळी, खंय आसात?’ माझ्या डाव्या हाताला उभ्या असलेल्या मास्तरांनी टाइप केलं, ‘सड्यार.’ मी लिहिलं, ‘मी पण.’ त्यांनी लिहिलं, ‘बरा.’ त्यांच्या छत्रीचं पाणी माझ्या खांद्यावर पडत होतं, तेही लिहावंसं वाटलं, पण ग्रुपवर एवढं वैयक्तिक बरं दिसत नाही.

त्याच झाडाजवळ गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, पोरं बसलेली असतात, कानात बोंडं घालून. त्यांच्यापासून सावध राहा. ह्या पोरांनी पबजी खेळायला घेतला, २०२० च्या सप्टेंबरात सरकारनं बंदी घातली. २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय म्हणून आला, २०२२ च्या जुलैत पुन्हा दुकानातून उतरवला, २०२३ च्या मेमध्ये परत आला. एवढ्या येरझाऱ्या आमच्या गावची एसटीही घालत नाही. पोरांनी प्रत्येक वेळी निमूट वाट पाहिली. ‘पोरा वाया गेली’ हे वाक्य ग्रुपवर आठवड्यातून एकदा यावं असा दंडक आहे, आणि ते ठाण्याचे काका टाकतात. काका स्वतः रोज संध्याकाळी मोबाइलवर पैसे लावून अकरा क्रिकेटपटूंची टीम लावायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी जुगाराच्या दुष्परिणामांवर चार परिच्छेद लिहिले. अनुभवाचे बोल होते. अडतीस अंगठे पडले.

पण पोरांचा खरा दोष खेळणं हा नव्हेच. त्यांची बोलायची तऱ्हा ऐका. ‘उजवीकडचं घर. दोन जण. एक वर, एक जिन्यात. मी खिडकीत. तू मागून ये.’ संपलं. कोण कुणाचा, सोयरीक कुठे मोडली, काही नाही. विचारलं त्याचं उत्तर, तेही खरं, तेही लगेच, कारण चुकीचं सांगितलं तर चौघंही मरतात. अशा वळणाची पोरं ग्रुपवर आली तर गजालीचं काय होईल, कल्पना करा. कल्पना कशाला, झालेलंच सांगतो.

जुलैतली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा, पाऊस धो धो. आबांच्या सुनेचा मेसेज आला: ‘आबांच्या छातीत दुखतंय. ओरोसला हॉस्पिटलात न्यायचंय. कुणाची गाडी आहे का? फोन लागत नाही, वायफायवरून लिहितेय.’

अशा प्रसंगी काय करायचं ते नीट लक्षात ठेवा. दोन हात जोडायचे. आमच्या ग्रुपनं ते चोख केलं. पहिल्या मिनिटातच हात यायला लागले, त्रेचाळीस झाले. ‘काळजी घ्या’, ‘देवीच्या कृपेने सगळं ठीक होईल’, ‘आबा म्हणजे वाघ.’ दुबईहून एकानं मृत्युंजय मंत्राचा ऑडिओ पाठवला, अकरा मिनिटांचा. ठाण्याचे काका म्हणाले, हा गॅस असणार, आलं-लिंबू द्या. एकानं १०८ हा नंबर लिहिला, दुसऱ्यानं तो जाड अक्षरात लिहिला. माझेही हात त्या त्रेचाळिसांत आहेत, दोनदा. दुसऱ्यांदा चुकून दाबलं गेलं. गाडी माझ्या अंगणातच उभी होती. पण मला वाटलं, एवढे हात जुळले म्हणजे कुणीतरी गाडी काढलीच असणार.

एवढ्या सगळ्या हातांच्या मधे, कुणाच्या लक्षातही येऊ नये अशी एक ओळ पडली होती: ‘रिक्षा घेऊन येतंय. ५ मिनिट. गेट उघडा ठेवा.’

गडग्यावरच्या पोरांतला एक. वडलांची रिक्षा आहे, तो स्वतः एकोणीस-वीसचा. घरात बसून खेळत होता म्हणे, तसाच उठला. पुढची अडचण अशी, की तो मधेच उठल्यामुळे त्याच्या जोडीदारांपैकी एक जण खेळात जखमी होऊन पडला, आणि त्यानं चिडून जे लिहिलं ते चुकून गावच्या ग्रुपवर आलं. छातीच्या दुखण्याच्या मेसेजखाली, मंत्राच्या लगेच वर: ‘मेल्या खंय गेलस? रिव्हाइव कर!’

दुसऱ्या दिवशी आम्हा चार अ‍ॅडमिनांची बैठक झाली. फोनवरच. दोन्ही पोरांना काढायचा ठराव काकांनी मांडला. एकानं गंभीर प्रसंगी थट्टा केली. आणि दुसरा, म्हणजे रिक्षावाला, एवढी मोठी गोष्ट घडतेय तर साधं ‘काळजी घ्या’ म्हणायची रीत नाही? पाच मिनिट म्हणे. मास्तरांनी हळूच विचारलं की तो नेमक्या किती मिनिटांत पोचला. त्यावर काकांनी विषय बदलला. ठराव स्थगित आहे.

आबा वाचले. पाच दिवस ओरोसला होते. आता नव्यानं आलेल्यांनी लक्षात घ्यावं, की पेशंटची चौकशी घरी जाऊन करायची नसते. आबांचं घर माझ्या घरापासून दोन कुंपणं टाकून आहे, सून अंगणात कपडे वाळत घालताना मला दिसत होती. मी ग्रुपवर विचारलं, ‘आबांची तब्येत कशी?’ तिनं आत जाऊन, हात पुसून, उत्तर दिलं, ‘बरी आहे.’ मी हात जोडले.

त्या पाच दिवसांत मांडवी रोज गेली असणार. किती लेट होती, ग्रुपवर कुणी विचारलं नाही. काकांचा महामार्गाचा मेसेज आला, खाली तीनच अंगठे. दुपारचं ग्रुप उघडलं की सकाळचं सुप्रभात तसंच वर दिसायचं.

सहाव्या दिवशी दुपारी, पडल्या पडल्या लिहिलेला, स्पेस नसलेला मेसेज आला: ‘मांडवीकितीलेट?’

मी फोन घेऊन सड्यावर होतो, लाइट नव्हती. गडग्यावर रिक्षावाला पोरगा बसलेला. त्यानं अ‍ॅप उघडलं, मला दिसलं, त्यात मिनिटं आली होती. ग्रुपवर त्याच्या नावापुढे टायपिंग आलं. थांबलं. पुन्हा आलं. मग त्याची ओळ पडली:

‘आबानू, ती कधी वेळेर होती?’