बाबा आणि फातोर्ड्याचं मैदान

वडील गेल्यावर बेसबॉलच्या सामन्यांत त्यांना शोधणाऱ्या मुलाचा हा लेख वाचला आणि डोळे भरून आले. आम्हा गोंयकारांच्या घरात बेसबॉल नाही, फुटबॉल! माझे बाबा म्हणजे गोव्याचे गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर यांचे निस्सीम भक्त. १९८३-८४ ची संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्याराज्यांमधली राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा, गोव्याने एकही गोल न खाता जिंकली, हे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावंच लागे. फातोर्ड्याला गेलो की चेंडू कुठेही असो, बाबांची नजर गोलकीपरच्या पायांवर. "तो गोल सोडून पुढे कधी येतो ते बघ," म्हणत मला कोपराने ढोसायचे. आता मीही सामना तसाच बघतो, आणि मुलीलाही तसाच दाखवतो. लेखकाला कळकळीने सांगतो, मैदानावर जाणं सोडू नका.