आईला नायिका करायचे असल्यास: होतकरू लेखकांसाठी काही सूचना

मराठीत अद्भुतरम्य कादंबरी लिहावी अशी अवदसा ज्यांना आठवली असेल, आणि तीतही नायिका म्हणून एखाद्या आईला उभे करावे असा अविचार ज्यांच्या मनात आला असेल, त्यांनी पुढील सूचना लक्षपूर्वक वाचाव्यात. मला हे मार्गदर्शन गेल्याच आठवड्यात, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकापासून हाकेच्या अंतरावरील एका कार्यालयात, चहाचे न विचारता देण्यात आले. माझे हस्तलिखित बरेच महिने ठेवून घेतलेल्या संपादक महाशयांचे म्हणणे असे पडले की कादंबरी तशी चांगली आहे, फक्त नायिका 44 वर्षांची असून तिला दोन मुले आहेत, एवढी अडचण तेवढी दूर करावी. ती कशी दूर करायची, हेही त्यांनीच समजावून सांगितले. ज्ञान दिल्याने वाढते म्हणतात, म्हणून मी ते आपल्या हवाली करते.

आईला शक्यतो पहिल्याच प्रकरणात मारावे. जिवंत आई 'एवढ्या रात्री कुठे निघालास?' असे विचारते आणि मग राक्षसाचा वध राहूनच जातो. थोरामोठ्यांनी हाच मार्ग चोखाळला आहे. हॅरी पॉटरची आई गोष्टीला खरी सुरुवात होण्यापूर्वीच गेलेली असते आणि तिच्या बलिदानाचे कवच मुलाला पुढे उपयोगी पडत राहते. 2015 साली आलेल्या 'बाहुबली'च्या पहिल्या भागात राजमाता शिवगामी आपल्या तान्ह्या नातवाला एका हातावर पाण्याबाहेर धरते आणि स्वतः प्रवाहात बुडते. हात दिसला, बाळ वाचले, राजमातेचे काम झाले.

मारणे अगदीच जिवावर येत असेल तर तिला कैदेत ठेवावे. त्याच कथेतील देवसेना, म्हणजे त्या बाळाची आई, 25 वर्षे साखळदंडात काटक्या गोळा करीत बसते. मुलगा मोठा होऊन सोडवायला येईपर्यंत आई कुठे आहे हे सर्वांना ठाऊक असते, ही यातली मोठी सोय.

तिला लढू द्यायचेच असेल तर एकदाच, शेवटाकडे आणि लेकरासाठी. स्वेटर विणणारी, पोराबाळांना खाऊपिऊ घालणारी मॉली वीझली 2007 साली आलेल्या हॅरी पॉटरच्या सातव्या पुस्तकात बेलाट्रिक्ससारख्या चेटकिणीला सरळ लढाईत ठार करते, तेव्हा अनेक वाचक उडाले होते. सात मुले वाढवलेल्या या बाईला, जी स्वयंपाकघरात दिवसरात्र जादूच वापरते, जादू येत असेल अशी शंका म्हणे कोणाला आली नव्हती.

नायिकेचे गुडघे दुखत असल्याचा उल्लेख कोठेही येऊ देऊ नये.

तिला नाव देण्याचे टाळावे. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लावणे बंधनकारक झाले असले, तरी तो नियम कादंबऱ्यांना लागू नाही.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. आईला जे काही येते ते तिने शिकून घेतले आहे, असे चुकूनही लिहू नये. माझी नायिका दरीत उतरते, कारण वर्षानुवर्षे त्या डोंगरावर गुरे चारल्यामुळे कोणता दगड पावसाळ्यानंतर सुटतो आणि कोणता भार पेलतो हे तिला माहीत आहे. त्यावर संपादक म्हणाले, 'एवढे तपशील कशाला? खाली बाळ रडते आहे असे दाखवा, ती आपोआप उतरेल. आपल्याकडे हिरकणी आहेच की.' आहेच! म्हणून तर माझा इतका जीव जळतो. कोजागरीला रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी एकटे तान्हे बाळ आणि तो कडा, ही आख्यायिका आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. तिचा शेवट मात्र कोणी मनावर घेत नाही. महाराजांनी काय केले? जेथून ही बाई उतरू शकली तेथून उद्या शत्रू चढू शकेल, हे ओळखून त्यांनी तेथे बुरूज बांधवला. म्हणजे त्या साऱ्या गोष्टीत तिच्या उतरण्याकडे वाट म्हणून, कसब म्हणून पाहणारा माणूस एकच आहे आणि तो राजा आहे. बाकी आपण सगळे डोळे पुसून 'आईचे काळीज हो!' म्हणत मोकळे झालो. ती रोज दूध घेऊन तो गड चढत होती आणि उतरत होती, तिच्या पायांनी तो डोंगर पाठ केला होता, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. काळजाने कडे उतरता येत नाहीत. उत्तम काळीज असलेली कितीतरी पुणेकर मंडळी रविवारी सिंहगडाच्या पायवाटेवर दुसऱ्या वळणालाच धापा टाकत बसलेली असतात. त्यांच्या शेजारून पायथ्याच्या गावची बाई दह्याची पाटी डोक्यावर घेऊन चढून जाते आणि हीच मंडळी घोटभर पाणी पिऊन म्हणतात, 'त्यांना सवय असते.'

सवय! 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटे वेळ जातो आणि ते करणाऱ्या पुरुषांचा 88 मिनिटे. जवळजवळ पाच तासांचा हा रोजचा रियाज कोणी तबल्यावर केला असता तर आपण त्याला सवाई गंधर्वच्या मंडपात बसवून दाद दिली असती. आईचा रियाज मात्र माया ठरतो, कारण कसब म्हटले की मोबदला आला, सुट्टी आली, 'आज तुम्ही करा' म्हणण्याचा हक्क आला. माया म्हटली की हिशेबच मिटला.

विरोधी उदाहरणे देऊ नयेत. लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांच्या अद्भुतरम्य कादंबरीतली इस्ता चाळिशीतली विधवा आणि राज्य करणाऱ्या राणीची आई असून तीच नायिका आहे, आणि त्या कादंबरीला 2004 साली विज्ञान व अद्भुतरम्य साहित्याचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, एन. के. जेमिसिन यांच्या कादंबरीत्रयीतली एसन चाळिशी ओलांडलेली आई आहे, धरणी हलवण्याची उपजत शक्ती तिने क्रूर शिस्तीच्या प्रशिक्षणातून ताब्यात आणलेली आहे, आणि त्या त्रयीच्या तिन्ही भागांनी 2016, 2017 आणि 2018 असे सलग तीन वर्षे ह्यूगो मिळवले. हे मी संपादकांना सांगितले. ते म्हणाले, 'तिकडचे वेगळे असते.'

काही वेगळे नसते. तुम्हाला आई नायिका म्हणून हवीच आहे, फक्त फुकट हवी आहे. म्हणून हिरकणीच्या नावाने बस काढता, स्तनपानाच्या कक्षाला तिचे नाव देता, आठ मार्चला गुलाबाचे फूल आणि 'सुपरमॉम' छापलेला मग हातात ठेवता, पण सूर्यास्ताला बंद होणाऱ्या दरवाजाला कोणी हात लावत नाही. मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती होऊन 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी असे ठरले. तुमच्या कार्यालयातले पाळणाघर कोणत्या मजल्यावर आहे, सांगा पाहू. ते नाही, म्हणून ती बाहेरचे शोधते. ते सातला बंद होते हे ठाऊक असूनही तुम्ही साडेसहाला बैठक ठेवता, आणि ती विद्यापीठ चौकातून कशीबशी वाट काढत वेळेवर पोहोचली की तिला 'आजची हिरकणी' म्हणता. लाज कशी वाटत नाही? व्यासपीठावरून 'मी माझ्या आईला कधी थकलेले पाहिले नाही' असे अभिमानाने सांगणाऱ्या गृहस्थांनो, ती थकत होती, तुम्ही मान वर करून पाहत नव्हता. मुलाची पुढची लस कोणत्या तारखेला आहे, शाळेची व्हॅन आली नाही तर कोणाला फोन करायचा, तुमच्याच वडिलांची रक्तदाबाची गोळी जेवणाआधीची की नंतरची, हे शिकायला गर्भाशय लागत नाही, वही-पेन्सिल पुरते. आणि साडेसहाची बैठक दुपारी तीनला घ्यायला तर तेवढेही लागत नाही. उद्यापासून घ्या.