भिंतीचा ताप

आमच्या जळगावच्या फ्लॅटात, सोफ्यामागच्या भिंतीवर एप्रिलात एक डाग उगवला. आधी बशीएवढा, मग परातीएवढा. रंगाचे पापुद्रे सुटले, खाली पांढरा लोणा फुलला. आमच्या नळाला दिवसाआड पाणी, आणि भिंतीला चोवीस तास!

भिंतीवर ओल दिसली की फ्लॅटवाला माणूस आधी वर बघतो. वर काका राहतात. मी त्यांच्या बाथरूमवर संशय घेतला, त्यांनी माझ्या नियतीवर घेतला, आणि जिन्यातला रामराम बंद झाला. प्लंबर म्हणाला, पाइप फुटलाय, भिंत फोडू. गवंडी म्हणाला, कोबा गेलाय, गच्ची फोडू. आई अमळनेरची. ती कूलरसमोर बसून शेंगा फोडत म्हणाली, "कूलर गयी ऱ्हायना, बाकी काय नही." म्हणजे कूलर गळतोय, बाकी काही नाही. कूलर खिडकीत, डागापासून चांगला पाच फुटांवर. शिवाय आईने फी मागितली नव्हती, त्यामुळे तिचं कोणी मनावर घेतलं नाही.

फी घेणारा म्हणून थर्मल कॅमेरावाला बोलावला. माझी समजूत अशी, की हा कॅमेरा भिंतीच्या पोटातलं बघतो. पोराने दारातच निराश केलं. "आतलं काही दिसत नाही, सर. फक्त वरच्या थराचं तापमान कळतं." ओल असते तिथे पाण्याची वाफ होत राहते, वाफ जाताना भिंतीची उष्णता घेऊन जाते, म्हणून ओली जागा कोरडीपेक्षा थंड. थोडक्यात, माठाचं शास्त्र. १८०० साली हर्शेल नावाच्या साहेबाने लोलकातून पडलेल्या रंगांचं तापमान मोजताना तांबड्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं तिथे थर्मामीटर ठेवला, तर पारा तिथेच जास्त चढला. त्याच अदृश्य किरणांवर हा कॅमेरा चालतो. हे सगळं मी माना डोलावत ऐकलं. पुढचं वाक्य मात्र झेपलं नाही.

"कूलर आणि पंखे बंद करा. वारा लागला की भिंत उगाच थंड दिसते. तासभर थांबू."

महिना मे, वेळ सकाळी अकराची. पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या गावात तासभर कूलर बंद! आम्ही चौघं भरताच्या वांग्यासारखे भाजत बसलो. पोरगा सराईत होता, त्याने येतानाच मानेला ओला पंचा गुंडाळला होता.

भिंतीच्या मागे स्वयंपाकघर, म्हणून सुरुवात तिथून. पडद्यावर माठ गडद निळा. आणि मांडणीत, डब्यांच्या रांगेत, एक पिवळंधमक भूत उभं! मी दचकलो, तर भूतही हललं. "तुम्हीच आहात, सर. चकचकीत स्टील उष्णता परतवतं, आरशासारखं. असल्या वस्तूंवर कॅमेऱ्याने भरवसा ठेवायचा नसतो." नंतर कळलं, निळा-पिवळा हे रंगही कॅमेऱ्यानेच सोयीसाठी भरलेले असतात. बटण दाबलं की तेच भूत करडं होतं.

मग हॉल. परातीएवढा डाग निळा दिसला, त्यात नवल नव्हतं. पण डागाच्या कडेतून एक बारीक निळी रेघ निघाली होती. डोळ्यांना तिथे कोरडा, नवाकोरा रंग दिसत होता. रेघ तिरपी वर चढत गेली, पाच फूट, थेट खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यात. वरचं छत मात्र सगळीकडे सारखं तापलेलं. पोराने खात्री म्हणून ओल मोजायचं दोन टाचण्यांचं मीटर रेघेवर टोचलं. नुसतं थंड असणं म्हणजे ओल नव्हे, असं त्याचं म्हणणं. मीटर टीं करून ओरडलं.

"कूलरच्या टाकीला चीर आहे. पाणी चौकटीच्या फटीतून आत शिरतं, वायरिंगच्या पाइपाशेजारून उतरतं आणि प्लास्टर पोकळ आहे तिथे बाहेर फुटतं."

आईने वर पाहिलंसुद्धा नाही. शेंग मात्र जरा जोरात फुटली.

टाकी बदलायची तर दोन दिवस कूलर उतरवावा लागेल, असं दुकानदार म्हणतो. दोन दिवस! घरात मतदान घेतलं. भिंत चार विरुद्ध शून्य मतांनी पडली. कूलर चालू आहे, चिरेखाली पातेलं लावलंय. वरच्या काकांकडेही जायचंच आहे मला. पण ते कारण विचारणार, आणि त्यांच्याकडे एसी आहे. पाऊस पडू दे एकदा, मग बघू.