हुकलेली नोकरी, हरवलेले श्रवणयंत्र आणि आपला आक्षेप

सप्रेम नमस्कार.

‘बंद झालेले दार’ या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी आधी रागाने वाचली, दोन दिवसांनी शांतपणे वाचली आणि आता उत्तर लिहिण्यापूर्वी पुन्हा एकदा वाचली. एका संस्थेतील नोकरी अगदी शेवटच्या टप्प्यावर माझ्या हातून गेली, मी पुष्कळ रडले, आणि वर्षभराने ती संस्थाच बंद पडली तेव्हा देवाने मला कशातून वाचवले ते कळले, असे मी त्या लेखात लिहिले होते; आणि शेवटी बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातले यिर्मया २९:११ हे वचन, म्हणजे देवाच्या मनात आपल्याविषयी अनिष्टाचे नव्हे तर हिताचे संकल्प आहेत हे वचन, दिले होते. त्यावर आपण विचारलेत की, ती नोकरी ज्यांना मिळाली आणि वर्षभरात गेली, त्यांच्याविषयी देवाच्या मनात काय होते? पुढे आपण असेही लिहिलेत की, घरातल्या प्रसंगांवर वचने चिकटवण्याच्या या सवयीमुळे पवित्र शास्त्राची सुविचारांची वही होते, तेव्हा असले लेखन थांबवलेलेच बरे.

आपल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नाही. त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की, लेख लिहिताना हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता.

आपल्या प्रतिक्रियेनंतर मी यिर्मयाचा तो भाग सलग वाचला. इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेमेतून बाबेलला (बॅबिलोनला) बंदी करून नेलेल्या लोकांना संदेष्ट्याने पाठवलेल्या पत्रातले ते वाक्य आहे, आणि त्याची धार कळायची तर आदला अध्यायही वाचावा लागतो. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांच्या आत सारे पूर्ववत होईल असे छातीठोकपणे सांगतो. यिर्मया मात्र पत्रात सत्तर वर्षे लिहितो आणि घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्याच हितासाठी प्रार्थना करा, असे सांगतो. हे पत्र ऐकताना जो चाळिशीत असेल त्याला परतीचा दिवस दिसणे शक्यच नव्हते. हवे ते आपल्या हयातीत मिळणार नाही, असे ज्यांना स्पष्ट सांगितले गेले त्यांना दिलेले हे आश्वासन मी, वर्षभरात सगळे आपल्या मनासारखे झाल्याची पावती म्हणून वापरले. नाव यिर्मयाचे घेतले, पण बसले हनन्याच्या शेजारी.

आपल्या बाजूने आणखी एक गोष्ट मीच सांगते. अनुभवावरून बोध काढण्यात, दोष नसताना सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे सांत्वन करायला आलेले त्याचे मित्र आपल्या कोणाहूनही तरबेज होते. त्यांच्यातला अलीफज तर मी असे पाहिले आहे, असे म्हणूनच सुरुवात करतो: जे अधर्माची नांगरणी करतात ते त्याचीच कापणी करतात. वाक्य सुटे काढले तर भिंतीवर लावण्याजोगे आहे. पण ज्याची दहा लेकरे एका दिवशी गेली त्याच्यासमोर बसून ते म्हटले आहे, आणि ग्रंथाच्या शेवटी देव या मित्रांवर संतापतो. हे तिघे आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री एक शब्दही न बोलता ईयोबाजवळ जमिनीवर बसून राहिले होते. मला विचाराल तर त्यांचे तेवढेच वागणे बरोबर होते. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख येतो, तिथेही मेलेल्यांचा दोष अधिक होता हा बोध काढू पाहणाऱ्यांना येशू साफ नकार देतो आणि प्रश्न उलटून त्यांच्याच पश्चात्तापाकडे वळवतो.

तरीही लेखन थांबवा हे आपले म्हणणे मला मान्य करता येत नाही, कारण डोळ्यांनी पाहून शिकण्याची रीत पवित्र शास्त्रातलीच आहे. नीतिसूत्रांच्या २४व्या अध्यायात एक माणूस आळशाच्या शेतावरून जाताना माजलेली काटेरी झुडपे आणि ढासळलेले कुंपण पाहतो, थांबतो, विचार करतो आणि मगच बोध घेतो. मधले ते थांबणे आणि विचार करणे माझ्या लेखात नव्हते, एवढाच फरक. पण तो मोठा आहे.

गेल्या महिन्यातली एक गोष्ट सांगते. वडिलांचे श्रवणयंत्र हरवले. बोटाच्या पेराएवढी वस्तू, किंमत मात्र छातीत धडकी भरवणारी. मी गुडघ्यांवर बसून मोबाइलच्या उजेडात पलंगाखालचा इंच न् इंच पाहिला, धूळ काढली, गाद्या उलट्या केल्या. वडील खुर्चीत बसून, आपलाच आवाज आपल्याला नीट ऐकू येत नसल्यामुळे जरा मोठ्यानेच, माझ्यामुळे तुला त्रास, असे पुन्हा पुन्हा म्हणत होते. हात चालू असताना लूक १५ मधली ती बाई आठवली: दहा नाण्यांतले एक, म्हणजे मजुराची जवळपास दिवसभराची कमाई, हरवल्यावर दिवा लावून, घर झाडून शोधणारी. लेखाला विषय मिळाला, असेही वाटून गेले; खोटे कशाला सांगू? यंत्र उशीच्या अभ्र्यात सापडले. ते त्यांच्या हातात देताना माझ्या तोंडून निघाले, ‘आता तरी नीट ठेवत जा!’

पूर्वीच्या सवयीने मी इथे त्या बाईच्या चिकाटीवर चार ओळी लिहिल्या असत्या आणि ती बाई म्हणजे अर्थातच मी असते. त्या रात्री अध्याय पहिल्या ओळीपासून वाचला. हे दाखले सुरू होतात ते शास्त्री आणि परूशी, म्हणजे त्या काळचे कडक धर्मपुढारी, येशू पापी लोकांना जवळ करतो म्हणून कुरकुर करत होते म्हणून. बाई नाणे सापडल्यावर मैत्रिणींना आणि शेजारणींना आनंद करायला बोलावते. नाण्याला बोल लावत नाही. त्या दाखल्यात माझी जागा शोधणारीची नव्हती, कुरकुर करणाऱ्यांची होती. अर्थात हाही अर्थ ताणता येत नाही: पश्चात्ताप करणाऱ्या एका पापी माणसाबद्दलचा आनंद हा त्या दाखल्याचा विषय आहे, माझ्या वडिलांचा विसराळूपणा नव्हे. पण प्रसंगाने वचन सिद्ध करण्याऐवजी वचनाने प्रसंगाची झडती घेतली, आणि नाथान संदेष्ट्याच्या तोंडून गरिबाच्या एकुलत्या कोकरीची गोष्ट ऐकताना दावीद राजाचे जे झाले, म्हणजे दुसऱ्याचा समजून ज्यावर तो संतापला तो दोष स्वतःचाच निघाला, त्याची पुसटशी कल्पना मला आली. घरातले प्रसंग वगळून मी लिहू लागले तर ही झडती कुठे व्हायची?

‘बंद झालेले दार’मधून ते वचन मी काढले आहे आणि देवाने मला वाचवले हे वाक्यही. नोकरी हुकल्याची आणि संस्था बंद पडल्याची हकीकत तेवढी ठेवली असून तिच्याखाली आपला प्रश्न आपल्याच शब्दांत घातला आहे. त्याला मी उत्तर जोडलेले नाही.