नग चारशे

परवा रबाळ्याच्या एका डेटा सेंटरमध्ये आमच्या कंपनीच्या सर्व्हरांना नंबराचे स्टिकर लावायला गेलो होतो. १६ रॅक, ३८७ सर्व्हर, प्रत्येकाला एक अ‍ॅसेट टॅग. मार्च आला की अकाउंट्सला आपल्याकडे यंत्रं असल्याचं आठवतं. ‘कारो २०२०’ या कंपन्यांच्या ऑडिटबद्दलच्या सरकारी आदेशाप्रमाणे ऑडिटरला मालमत्तेची प्रत्यक्ष पाहणी झाली का, हे लिहून द्यावं लागतं. वास्तविक सर्व्हरचा सिरीयल नंबर त्याच्या पोटातच असतो, एक कमांड दिली की घरबसल्या मिळतो. पण तो चालत नाही. चिकटलेलं दिसलं पाहिजे.

गेटवर काका होते. कडक इस्त्री, कोरीव मिशी, पुढ्यात लांबरुंद रजिस्टर.

“मटेरियल काय, साहेब?”

“स्टिकरचा एक रोल.”

“रोल नको. नग सांगा.”

“चारशे.”

“मेक?”

स्टिकरचा मेक! मी म्हटलं, “साधे आहेत हो काका.” त्यांनी ‘साधे’ असं लिहिलं.

“रिटर्नेबल का नॉन-रिटर्नेबल?”

“चिकटवणार आहे. परत कसे आणू?”

“आन् एखादा चिकटवायचा राहिला तर?”

“तर परत आणीन.”

“म्हंजे तो रिटर्नेबल.”

“पण कुठला राहील ते आत्ता कसं सांगू?”

“तेच म्हन्तोय मी.” काकांनी पेन खाली ठेवलं. माझ्या मागे एसीवाल्यांची रांग लागली होती. तिच्यातल्या एकाने “सगळे नॉन-रिटर्नेबल टाका ना” असा तोडगा काढला. माझा घात झाला तो तिथे.

मग मोजणी. काकांनी जिभेला बोट लावून नोटा मोजाव्यात तसा रोल उलगडला. तो टेबलावरून खाली, तिथून थेट मेटल डिटेक्टरपर्यंत गेला. पहिल्या खेपेला ३९९, दुसऱ्या खेपेला ४०१. “त्यांच्यावर नंबर छापलेत, शेवटचा बघा,” असं मी सुचवल्यावर काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की हिशोबात पळवाट शोधणारा माणूस हाच. तिसऱ्यांदा ४०० भरले. तोवर ५० मिनिटं गेली होती. शेवटी त्यांनी माझ्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर एक लाल स्टिकर टपकन मारला.

“हा कुठल्या पासवर आत आला?” मी विचारलं.

“तो आमचा हाय.”

आतली कथा थोडक्यात. सर्व्हरला चिकटवण्याजोगी जागाच नसते. एक-यूचा, म्हणजे रॅकचा एकच खण घेणारा सर्व्हर उंचीला जेमतेम साडेचार सेंटिमीटर. तोंडावर डिस्क आणि हवेची भोकं. ती बुजवली की तो तापणार. डोक्यावर ऐसपैस जागा, पण रॅकमध्ये गेल्यावर ते डोकं कुणाला दिसतंय? पाठीमागे वायरींचं जंजाळ, आणि अशी गरम हवा की गोंद पाघळतो. उरतात रॅकला अडकवायचे दोन कान, बोटभर रुंदीचे. २६ जून १९७४ला अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉय गावी चुइंगमचं पाकीट बारकोड वाचून विकलं गेलं. चुइंगमला तेव्हा जमलं ते या लाखालाखाच्या यंत्रांना अजून जमत नाही. आधी आरएफआयडीचा, म्हणजे रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणाऱ्या टॅगचा बेत होता. पण साधा टॅग थेट धातूवर लावला की बहिरा होतो, आणि धातूवर चालणारा महाग. म्हणून कागद.

पत्र्यावर ओळख कशी टाकायची हे आमच्या आजीला विचारायला हवं होतं. तिच्या पातेल्यावर भांडीवाल्याने मशीनने कोरलेलं नाव आणि मुंजीची तारीख अजून वाचता येते. शेजारी गेलेला डबा चार वर्षांनी त्या अक्षरांवरून परत आला होता. ना ऑडिट, ना एक्सेल.

आणि ओळखीचंच निघालं म्हणून सांगतो. ११ वर्षं झाली मला या कंपनीत. माझ्या ओळखपत्रावरच्या आडनावात पहिल्या दिवसापासून चूक आहे. तीन मेल झाल्या, काही नाही. सर्व्हरच्या नंबरात एक अंक चुकला असता तर मात्र रात्री ११ला फोन आला असता. असो.

संध्याकाळी बोटांची सालं काढून बाहेर आलो. हातात उरलेले १३ स्टिकर.

“हे बाहेर न्हाई जायचे,” काका म्हणाले. “नॉन-रिटर्नेबल लिवलंय. औटवर्ड पास आना, साहेबांच्या सहीचा.”

“साहेब कुठायत?”

“सहाला गेले.”

“मग आत ठेवून येतो.”

“आत सुटं सामान ठेवायचं न्हाई.”

“मग करू काय मी यांचं, काका?”

ते खरोखर विचारात पडले. मग शांतपणे म्हणाले, “चिकटवा की. चिकटवायलाच आनले होते ना?”

बुटांवर पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून आत गेलो. शिडीला दोन लावले. ट्रॉलीला एक, अग्निशामक नळकांड्याला एक, दाराजवळच्या डस्टबिनला एक, बाकीचे आमच्या रॅकमधल्या रिकाम्या पट्ट्यांना. गेटवर काकांनी माझे दोन्ही रिकामे तळवे पाहिले, रजिस्टरात ‘शिल्लक: निरंक’ लिहिलं आणि सलाम ठोकला. त्या इमारतीत हिशोब जुळलेला तो एकटाच माणूस.

अकाउंट्सच्या यादीत मात्र चारशेही नंबर आधीच भरून ठेवलेले होते, सगळ्यांपुढे ‘सर्व्हर’. आज सकाळी मेल आली आहे. ०३९४ पिंगला, म्हणजे नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला, उत्तर देत नाही, रीस्टार्ट करून पाहिलं का?

०३९४ म्हणजे डस्टबिन.