उजवा कल्ला

रविवारपासून बुधवारपर्यंत, असे चार दिवस, माझा डावा कल्ला कानाच्या मध्यावर आणि उजवा थेट पाळीच्या खाली होता. कारण, अपन्हुती.

गल्लीच्या तोंडाशी आमचं सलून आहे. तीन खुर्च्या, एक बाकडं आणि रविवार. बाकड्यावर अभ्यासिकेतला एक मुलगा जाडजूड प्रश्नसंच घेऊन नंबर येण्याची वाट बघत होता. त्याला फौजदार व्हायचंय. पुस्तकातून डोकं न काढता त्यानं मोठ्यानं वाचलं, ‘‘हे केस नव्हेत, हा तर काळा ढग. अलंकार ओळखा.’’ प्रश्न कुणालाच नव्हता. पण माझा डावा कल्ला नुकताच संपवलेला सलूनवाला म्हणाला, ‘‘लेखकसाहेबांना विचार की.’’

वर्तमानपत्रात माझी तीन पत्रं छापून आली आहेत. दोन पाणीपुरवठ्यावर, एक मोकाट कुत्र्यांवर. तेवढ्या भांडवलावर मी त्या सलूनपुरता लेखक आहे. पद टिकवायचं तर उत्तर देणं भाग होतं. बँकेच्या काउंटरवरून 34 वर्षं ज्या आवाजात ‘उद्या या’ म्हटलं, त्याच आवाजात मी आरशाकडे बघून म्हणालो, ‘‘रूपक.’’

शेजारच्या खुर्चीतून फेस बोलला. ‘‘अपन्हुती.’’

फेसाच्या आत मार्केट यार्डातले एक हळदीचे दलाल होते. अर्धी दाढी झालेली, अर्धी व्हायची. त्यांनी वस्तऱ्याचा हात बाजूला सारला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. ‘‘अवो साहेब, रूपक कसं हुईल? रूपकात केस बी हाईत आन् ढग बी हाय, दोघं एक झाल्यात. हितं तुम्ही केसच न्हाईत म्हणालाय. ‘नव्हे’ आलं, की डोळं झाकून अपन्हुती.’’

मुलानं पाठीमागची उत्तरं उलटली आणि उगाच मोठ्या आवाजात सांगितलं, ‘‘अपन्हुती.’’ सलूनवाल्याची कात्री माझ्या उजव्या कानापाशी आली होती, ती तिथंच थांबली. ती परत हलली नाही.

आता गप्प बसावं की नाही! मी विचारलं, ‘‘तुम्ही मराठी शिकवत होता काय?’’

‘‘न्हाई वो. पोरगं सहा वर्सं स्पर्धा परीक्षा करत हुतं. भिंतीपलीकडनं मोठ्यानं वाचायचं. माझं पाठ झालं, त्याचं न्हाई.’’

मग त्यांनी शिकवणी घेतली. फेस वाळत चालला होता, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ‘‘ह्ये बघ बाळ, तुमच्या पुस्तकात सगळं चंद्र आन् कमळ. कमळ काय भावानं जातंय ठावं हाय तुला? आपण राजापुरी हळद घिऊया. ‘हळद सोन्यासारखी’. ही उपमा. हळद उपमेय, सोनं उपमान, पिवळेपणा साधारण धर्म, आन् ‘सारखी’ ह्यो मधला दलाल. दलाल हाय तवर भाव बेताचा. ‘हळद जणू सोनंच’. उत्प्रेक्षा! क्विंटलमागं शंभर चढवा. ‘हळदीचं सोनं पोत्यात भरलं’. दलाल गेला, रूपक. आणखी शंभर. ‘ही हळद नव्हं, सोनं हाय’. अपन्हुती, चढवा. आन् ‘सोन्याहून पिवळं’ म्हणतोय न्हवं आपण? त्यो व्यतिरेक. उपमेयानं उपमानाला मागं टाकलं. तिथं मी भाव सांगतच न्हाई, गिऱ्हाइकाचं तोंड बघतो.’’

‘‘आणि ‘सांगलीची हळद सांगलीच्या हळदीसारखीच’?’’ मुलानं विचारलं.

‘‘अनन्वय. दुसरं उपमानच घावत न्हाई. पर पोतं उघडून बघितल्याबिगार असल्या मालाला हात लावू नको.’’

मला हे सगळं शाळेत तीन वर्षं शिकवलं होतं. शेवटी माझ्याकडे उरलं काय, तर ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा आणि बाकी सगळं रूपक. नाट्यशास्त्रात भरतानं मोजून चार अलंकार सांगितले होते: उपमा, रूपक, दीपक, यमक. चारांत जग चाललं असतं. पुढच्या मंडळींनी शंभराच्या वर नेले. कर्जाच्या अर्जाला दरवर्षी एक नवीन जोडपत्र लावणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे हे कसं होतं ते मला कळतं. कळत नाही ते एवढंच, की चोर पकडायला निघालेल्या पोराला अपन्हुती कशाला लागते. चोर ‘मी तो नव्हेच’ म्हणाला तर तिथल्या तिथे अलंकार ओळखावा म्हणून?

‘‘मुलगा आता काय करतो?’’ मी विचारलं.

‘‘माझ्याकडंच पोती मोजतोय,’’ दलाल म्हणाले. ‘‘शेवटच्या खेपेला दोन मार्कानं गेलं. एक ह्योच हुता, अलंकाराचा.’’

बाकड्यावरच्या मुलानं पान उलटायला घेतलं होतं, ते तसंच धरून ठेवलं. सलूनवाल्यालाही ते जाणवलं असावं. वातावरण हलकं करायची त्याची एक रीत आहे. ती म्हणजे माझं डोकं.

‘‘मग साहेबांचे केस विरळ नव्हेत, हवेशीर आहेत. हे काय झालं?’’

‘‘अपन्हुती!’’ तिन्ही खुर्च्या आणि बाकडं एकदम म्हणाले.

‘‘टक्कल पितळी ताटासारखं.’’ उपमा. ‘‘जणू हरिपूरचा घाट.’’ उत्प्रेक्षा. ‘‘ताट म्हणून माशी बसली.’’ भ्रान्तिमान. मुलगा हे सगळं वहीत उतरवत होता. पैसे देऊन, अंगावर पांढरा कपडा घेऊन, मी एका प्रश्नसंचाचा उदाहरणसंग्रह झालो होतो. त्यात अतिशयोक्तीची पाळी आली, तेव्हा दलालांनी दमडीच्या तेलाची गोष्ट काढली. सासूबाईंचं न्हाणं, मामंजींची दाढी, वेशीपर्यंत ओघळ, त्यात उंट पोहून गेला. सगळे हसले. मला हसू आलं नाही. 2019 च्या ऑगस्टात आमच्या सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी 45. आमच्या खालच्या खोलीत पंख्याच्या पात्यांना गाळ लागला होता, आणि तो मी स्वतः खरवडला. हे पुण्याच्या मेहुण्याला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘‘दाजी, तुम्हाला वाढवून सांगायची सवयच आहे.’’ जसं आहे तसं सांगण्याला स्वभावोक्ती म्हणतात, हे मला तेव्हा ठाऊक असतं तर त्याच्या तोंडावर मारलं असतं. पंचनाम्याला आलेल्या माणसानंही वर पंख्याकडे बघून ‘‘एवढं?’’ असंच विचारलं होतं आणि कमी फूट लिहिले होते. जाऊ दे.

हसण्याच्या भरात सलूनवाल्यानं माझ्या अंगावरचा कपडा झटकला आणि ‘‘चला, पुढचा’’ म्हणाला. मीही पळायच्या घाईत होतो. शंभर रुपये दिले. आणि या दुकानात अकरा वर्षं ‘साहेब’ म्हणवून घेतलेल्या मला निघताना त्यानं ‘‘या काका’’ म्हटलं.

घरी बायकोनं मला समोरून पाहिलं, मग डावीकडून, मग उजवीकडून. ‘‘तुमच्यासारखे तुम्हीच,’’ ती म्हणाली. मी मुकाट्यानं म्हणालो, ‘‘अनन्वय.’’ तिनं कपाळाला हात लावून ताप पाहिला.

रात्री झोप येईना. ‘सांगली चांगली’ म्हणत वाढलेला माणूस मी, मला शब्दावरून कुणी हरवावं? दीडच्या सुमाराला सुचलं. कल्ला! गालावरचा कल्ला आणि आरडाओरड्याचा कल्ला. उठून कागदावर लिहून ठेवलं: ‘तुमचा सरेना कल्ला, माझा राहिला कल्ला.’ श्लेष! दोन दिवस आंघोळ करताना म्हणून पाहिलं, कुठे थांबायचं ते ठरवलं. बुधवारी दलाल दाढीला येतात, ही माहिती काढली. हळदीचे सौदे आटोपून ते येतील, त्या बेतानं गेलो.

ते होते. फेसातच. मुलगाही होता. मी दारातच उभं राहून वाक्य टाकलं आणि वर स्वतःच म्हणालो, ‘‘श्लेष.’’

सलूनवाला हसला. मुलगा हसला. दलालांनी डोळे मिटून वाक्य एकदा मनाशी म्हटलं. मग मान हलवली.

‘‘कल्ला किती बारी आला?’’

‘‘दोनदा.’’

‘‘श्लेषात शब्द एकदाच येतोय साहेब, अर्थ दोन येत्यात. हितं शब्दच दोन बारी आला, चरणाच्या शेवटाला, निरनिराळ्या अर्थानं. ह्ये यमक.’’

मुलानं पाठीमागची उत्तरं उलटलीसुद्धा नाहीत. सरळ वहीत लिहून घेतलं.

सलूनवाल्यानं माझा उजवा कल्ला डाव्याबरोबर केला. त्याचे वीस रुपये वेगळे घेतले.